बर्फाची तयारी, काळीत मुक्काम

घाटंजीत बर्फ दोनच ठिकाणी सापडतो: रसवंतीवर आणि मासोळीवाल्याच्या पेटीत. तरीही बर्फात माणसाला जे जे लागते ते सगळे प्रस्तुत लेखकाच्या गाडीच्या डिकीत होते. चाकांना बांधायच्या साखळ्या, आखूड दांड्याचे फावडे, मिठाईवरच्या वर्खासारखे चकाकणारे पांघरूण, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात उभी केलेली मेणबत्ती, शिट्टी, चॉकलेटे, आणि मांजरांसाठी विकतात त्या वाळूची दहा किलोची गोणी. लेखकाकडे मांजर नाही.

या सगळ्याचे मूळ 44 नंबरच्या रस्त्यात आहे. घाटंजीहून निघालेला माणूस तासाभराच्या आत पांढरकवड्याला या रस्त्यावर लागतो. पूर्वी हा सात नंबर होता, वाराणसी ते कन्याकुमारी. जुने ड्रायव्हर अजून सात नंबरच म्हणतात. 2010 साली महामार्गांचे आकडे बदलले आणि हा तुकडा श्रीनगर ते कन्याकुमारी अशा देशातल्या सर्वांत लांब महामार्गात गेला. लेखकाला हा शोध निवृत्तीनंतर लागला. ‘पांढरकवड्याला डावीकडे वळायचे, मग थेट श्रीनगर’ हे वाक्य त्याने चहाच्या टपरीवर इतक्या वेळा ऐकवले, की पुढे टपरीवालाच कुणी नागपूरचा रस्ता विचारला तर श्रीनगरपर्यंतचा सांगू लागला.

घाटंजीतून काश्मीरला लोक जात नाहीत असे नाही. ते नागपूरहून रेल्वेने नाहीतर टूरवाल्याची टोपी घालून विमानाने जातात, गुलमर्गला बर्फात लोळतात आणि अक्रोड घेऊन परत येतात. लेखकाचा या टोपीवर राग आहे. त्याला स्वतःच्या गाडीने, भर जानेवारीत, स्वतःच्या हिमतीवर अडकायचे होते. चुकले, पोहोचायचे होते. पण तयारी सगळी अडकण्याचीच चालली आहे, हे आधी त्याच्या बायकोच्या लक्षात आले. “अहो, पोहोचलो तर काय करायचं, त्याचंही काही सामान घ्या,” असे ती म्हणाली. लेखकाने ते कानाआड केले.

सामानाची यादी अमेरिकेतल्या मिनियापोलिसहून आली होती. तिथे त्याची पुतणी राहते, आणि तिथे उणे वीस ही बातमी होत नाही. तिचे वडील, म्हणजे लेखकाचा थोरला भाऊ, गेल्यापासून ती काकाला याद्या पाठवत असते: बीपीच्या गोळ्यांची, बँकेच्या कागदांची, आता बर्फाची. ‘काका, टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. अडकलात तर इंजिन हीच शेगडी.’ लेखकाने यादीची प्रत काढून गाडीच्या कप्प्यात ठेवली आणि दुसरी खिशात, कुणी विचारले तर असावी म्हणून. कुणी विचारले नाही, तेव्हा तो आपणहून दाखवू लागला.

अभ्यास तर त्याने असा केला, की नोकरीत केला असता तर बढती मिळाली असती. गोठताना पाणी साधारण नऊ टक्क्यांनी फुगते, म्हणून रेडिएटरात नुसते पाणी असले तर इंजिनाला तडा जाऊ शकतो. निम्मे पाणी, निम्मे ग्लायकॉल घातले की ते उणे पस्तीसच्या आसपासपर्यंत गोठत नाही. थंडीत बॅटरी अर्धमेली होते. डिझेलमधले मेण गोठून फिल्टर बुजतो, म्हणून लडाखसाठी 2019 च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने पानिपतच्या रिफायनरीतून खास हिवाळी डिझेल काढले, उणे 33 अंशांपर्यंत वाहते राहणारे. हे शेवटचे वाचून लेखक तडक गावातल्या पंपावर गेला आणि हिवाळी डिझेल मिळेल का म्हणून त्याने चौकशी केली. पंपावरच्या पोराने आधी त्याच्याकडे पाहिले, मग गाडीकडे.

“काका, तुमची गाडी पेट्रोलची हाय ना जी.”

साखळ्यांची तालीम अंगणात झाली. बर्फ असला की तंगमर्गवरून गुलमर्गकडे साखळी नसलेली गाडी सोडत नाहीत, हे लेखकाला कळले होते. पावणेदोन तास तो चाकांशी झटला. शेवटी दोन्ही चाकांत साखळी बसली, तेव्हा त्याने बायकोला बाहेर बोलावून फोटो काढायला लावला. शेजारचा गॅरेजात काम करणारा पोरगा कुंपणावरून पाहत होता. “काका, तुमची गाडी समोरच्या चाकानं ओढते. मांगच्या चाकाले पैंजण घालून काय होते?” फोटो तोवर मिनियापोलिसला पोहोचला होता.

यादीतली एक गोष्ट मात्र त्याने कुणाला हसत सांगितली नाही. 2022 च्या जानेवारीत, 7 तारखेच्या रात्री, पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या गावी बर्फ पाहायला गेलेल्या गाड्या हजारोंनी रस्त्यातच अडकल्या. किमान 22 माणसे गेली. त्यांत लहान मुले होती. काचा लावलेल्या, हीटर चालू, बाहेर बर्फ चढत चाललेला. सायलेन्सरचे तोंड बुजले की धूर गाडीत शिरतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. आतल्या माणसाला वाटते, झोप येते आहे. म्हणून आधी उतरून सायलेन्सर मोकळा करायचा, मगच इंजिन लावायचे, तेही तासाला दहाएक मिनिटे, आणि एक काच बोटभर उघडी ठेवायची. पुतणीने हे यादीत तीनदा लिहिले होते.

काश्मीरची तारीख दोनदा पुढे गेली. एकदा साडूच्या मुलीचे लग्न निघाले, एकदा लेखकाचा गुडघा. मग जानेवारीत पाऊस आला. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात काश्मीरला बर्फ देतात. त्यांचा पसारा कधी मध्य भारतापर्यंत उतरला आणि बंगालच्या उपसागराकडून त्याला ओल मिळाली, की विदर्भात ऐन हिवाळ्यात पाऊस पडतो, गाराही पडतात. लेखक काश्मीरला गेला नाही, तर काश्मीरचे हवामान घरपोच आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हरभरा पाहायला शेतावर निघाला. शेवटचा दीडेक किलोमीटर पांदण. बायको म्हणाली, गाडी डांबरीवर ठेवा आणि पायी जा. जो माणूस झोजिला खिंडीतल्या बर्फाचे व्हिडिओ पाहून बसला आहे, तो पांदणीला घाबरणार नाही, हे तिला कळायला हवे होते. आपल्याकडे गावठाणाची जागा ती पांढरी आणि शेताची ती काळी, अशी जुनी वाटणी आहे. लेखकाची गाडी रंगाने पांढरी. तिने पांढरीतच राहायचे होते. काळीत ती दोनशे पावले गेली, तिसऱ्या शतकाला डुलली आणि पुढची चाके आसापर्यंत आत गेली.

खरे सांगायचे तर लेखकाला क्षणभर आनंद झाला. दहा महिन्यांच्या अभ्यासाची परीक्षा आली होती. बाही सारून त्याने डिकी उघडली.

टॉर्चमधले सेल टीव्हीच्या रिमोटमध्ये गेले होते, पण दिवस असल्यामुळे तो प्रश्न नव्हता. चॉकलेटे ऑक्टोबरच्या उन्हात वितळून कागदासकट पुन्हा थिजली होती. शिट्टी वाजवली, तर दोन शेतांपलीकडच्या राखणदाराने, कुणी रानडुकरे हाकलतो आहे असे समजून, उलट शिट्टी घातली. फावड्याने चाकापुढचा चिखल काढला, तर तो फावड्यालाच बसला आणि फावडे उचलेना. साखळी चाकाखाली सरकवायची तर गाडी हातभर पुढे घ्यावी लागते. गाडी हातभर पुढे जात असती तर साखळी कशाला लागली असती? राहिली मांजराची वाळू. मिनियापोलिसकडे निसरड्या बर्फावर चाकाला पकड मिळावी म्हणून ती टाकतात. लेखकाने गोणी फोडली आणि दहाच्या दहा किलो दोन्ही चाकांखाली ओतली.

इथे गाडी चिखलात सोडून थोडे मांजरांकडे वळू. गाडी कुठे जात नाही. 1947 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एड लोवे नावाच्या माणसाकडे शेजारीण आली. मांजरासाठी ठेवलेली तिची वाळू गोठून दगड झाली होती. लोवेचा धंदा कारखान्यांत सांडलेले तेल शोषून घेणाऱ्या मातीचा. त्याने तीच दिली. मांजराला आवडली, शेजारणीला आवडली, आणि त्यातून मोठा उद्योग उभा राहिला. ती माती म्हणजे मुलतानी मातीच्या जातीची. घाटंजीच्या ब्यूटी पार्लरात जी तोंडाला फासतात, तिच्या बहिणीवर अमेरिकेतली मांजरे काय करतात हे लेखकाने एका लग्नात सांगितले होते, आणि नवरीच्या मावशीने त्याच्याशी बोलणे सोडले. पुढे 1980 च्या दशकात ओल लागताच गोळा धरणारी वाळू निघाली. ती बेंटोनाइटची. बेंटोनाइटमधले मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. फ्रान्समध्ये मॉन्टमोरियाँ नावाचे गाव आहे, त्याच्यावरून हे नाव. याच्या कणांच्या थरांत पाणी शिरते, माती फुगते, चिकटते आणि जे सापडेल त्याला धरून बसते. आता दख्खनच्या लाव्हाचा काळा दगड झिजून जी माती झाली, तिच्यात याच घराण्यातली खनिजे भरलेली आहेत. म्हणून ती उन्हाळ्यात हात जाईल अशी भेगाळते, पावसात फुगून भेगा बुजवते, वरची माती खाली आणि खालची वर करत स्वतःच स्वतःला नांगरते. ओल धरून ठेवते म्हणून तिच्यात कापूस येतो. घरांच्या भिंती ती फोडते, रस्ते वाकवते. इंजिनीअर तिला भितात, शेतकरी तिच्या पाया पडतो.

अर्थ एवढाच, की लेखकाने अमेझॉनवरून पैसे देऊन, कुरिअरने, दहा किलो चिखल मागवला होता आणि तो चिखलात ओतला होता. पाच मिनिटांत त्याचा जो गोळा झाला त्यात चाक असे बसले, जसे कणकेच्या वेढ्यात पुरण. फोटो पाहून पुतणीचा निरोप आला: ‘काका, गोळा न धरणारी घ्यायची असते.’

“गाडी फसली का जी?”

पांदणीच्या त्या टोकाला दहा-बारा घरांची वस्ती आहे, तिथला शेतकरी बांधावर उभा होता. त्याच्या मागे त्याची दोन वर्षांची नात. त्याने चाकाकडे पाहिले, गोणीवरचे मांजराचे चित्र पाहिले, आणि सभ्यपणे काही विचारले नाही. गेल्या वर्षीची पऱ्हाटी बांधावर रचलेली होती, तिचे दोन भारे आणून त्याने चाकांपुढे आडवे अंथरले. मग बैलजोडी आणली. दोर बांधायचा हूक लेखकाला सापडेना. तो डिकीत, स्टेपनीच्या शेजारी, चार वर्षे पिशवीतच होता. “दुसऱ्या गेरात घ्या आन् एक्सलेटर हळूच द्या, रागाने नोका देऊ.” पऱ्हाटी कडकडली, बैलांनी माना घातल्या, आणि गाडी दहा मिनिटांत बाहेर आली. मिनियापोलिसच्या यादीत पऱ्हाटी नाही.

चहासाठी वस्तीवर जाताना लेखकाला बाजूचे शेत दिसले. तिसरा वेचा झाडावर होता. रात्रीच्या पावसाने बोंडांतला कापूस खाली लोंबला होता, मातीला लागला होता. तो आता पिवळा पडेल आणि त्याला भाव मिळणार नाही. ज्या माणसाचे हे झाले, तो सकाळी उठून दुसऱ्याची गाडी ओढत होता. लेखकाने काहीतरी बोलायचे म्हणून विचारले, पावसाळ्यात इथून कसे जाता. तो म्हणाला, जात नाही. या नातीच्या वेळी ॲम्ब्युलन्स डांबरीवर येऊन थांबली होती. सुनेला बंडीत टाकून नेले. बंडी अर्ध्या पांदणीत फसली, आणि पोरगी तिथेच झाली. “आता हे पाहा, चांगली चालते,” तो म्हणाला. पांदणी चिखलात बुडतात हे काही गुपित नाही. 2021 साली राज्याने त्यांच्यासाठी मातोश्री ग्रामसमृद्धी नावाची योजनाच काढली. या पांदणीवर मुरूम पडायचा आहे. लेखक दहा महिने अडकण्याची हौस करत होता, आणि त्याच्या शेतापासून हाकेच्या अंतरावर दहा-बारा घरे दर वर्षी चार महिने यादीशिवाय अडकत होती. हे त्याला माहीत नव्हते असेही नाही. पावसाळ्यात तो शेतावर जात नसे, एवढेच.

पैसे द्यायचा प्रयत्न त्याने केला, तो फसला. नात मघापासून चमकत्या पांघरुणाकडे पाहत होती, म्हणून ते तिला दिले. चार दिवसांनी लेखक पायी गेला, तेव्हा ते हरभऱ्याच्या धुऱ्यावर दोन काठ्यांना बांधलेले होते आणि वाऱ्यावर फडफडत होते. रोह्यांना भिववायला आजोबांनी लावले होते. चकाकी पाहून रोही चार रात्री फिरकले नाहीत. पाचव्या रात्री आले, पांघरुणाच्या खालून गेले आणि लेखकाच्या बाजूचा हरभरा खाऊन गेले.