जिभेची प्रूफ रेंज

जबलपुरात तोफा बनतात. गन कॅरेज फॅक्टरी 1904 सालची, ‘धनुष’ तोफ तिथलीच. खमरियाला दारूगोळा भरतात, व्हेइकल फॅक्टरीतून लष्कराचे ट्रक बाहेर पडतात, आणि दारूगोळ्याची परीक्षा घ्यायला लाँग प्रूफ रेंजही इथेच आहे. आमच्या गल्लीतले एक काका त्या रेंजवरून निवृत्त झाले. कान थोडे गेलेत, पण बोलणं अजून मोजूनमापून. गोळ्यांचा लॉट आला की त्यातले थोडे नग उचलायचे, तोफेत घालून उडवायचे, वेग मोजायचा, कुठे पडला ते नोंदवायचं. नमुना नापास झाला की अख्खा लॉट अडकला. मग वरून कुणाचाही फोन येवो.

“गोळा एकदा सुटला की परत येऊन सांगत नाही ना, की माझा तसा उद्देश नव्हता,” काका म्हणतात. “म्हणून आधीच बघून घ्यायचं.”

पुढाऱ्यांच्या जिभांसाठी मात्र आपल्या देशात अशी रेंज नाही. त्या थेट जनतेवरच तपासल्या जातात.

मे 2025 चंच बघा. ‘ऑपरेशन सिंदूर’ची माहिती देशाला द्यायला ज्या दोन महिला अधिकारी पुढे आल्या, त्यांपैकी कर्नल सोफिया कुरेशी या सिग्नल्स कोअरच्या. या कोअरचं मोठं प्रशिक्षण केंद्र जबलपुरातच आहे, म्हणजे त्या एका परीने आमच्या माहेरच्याच. 12 मे रोजी महूजवळच्या रायकुंडा गावी मध्य प्रदेशाचे आदिवासी कार्यमंत्री विजय शाह भाषणाला उभे राहिले आणि त्यांनी या अधिकारी बाईंचं नातं थेट दहशतवाद्यांशी लावून दिलं. बहीण म्हणून. समोरून टाळ्या पडल्या. टाळ्यांचा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

दोन दिवसांनी, 14 मे रोजी, जबलपूरच्या उच्च न्यायालयाने हे प्रकरण आपणहून हाती घेतलं. (हे न्यायालय मूळ तुमच्या नागपूरचं. 1956 साली नवा मध्य प्रदेश झाला तेव्हा बाडबिस्तरा घेऊन इकडे आलं. नागपूरकर अजून मनातून माफ करत नाहीत.) न्यायमूर्ती अतुल श्रीधरन आणि न्यायमूर्ती अनुराधा शुक्ला यांनी त्या भाषेला गटाराची भाषा म्हटलं आणि पोलिसांना फर्मावलं, आज संध्याकाळपर्यंत गुन्हा दाखल झाला पाहिजे. कलमंही सांगितली: भारतीय न्याय संहितेची 152, 196 आणि 197. उद्यापर्यंत थांबायला खंडपीठ तयार नव्हतं. रात्री मानपूर पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला.

आणि दुसऱ्या दिवशी न्यायालयाने तो वाचला. वाचून लक्षात आलं, की यात कलमं आहेत, नाव आहे, पण आरोपीने नेमकं केलं काय, तेच नाही. पुढे सहज रद्द करून घेता यावा अशा बेताने हा मसुदा लिहिलाय, असं न्यायमूर्तींनी ऐकवलं आणि आमच्या आदेशातला मजकूरच त्या एफआयआरचा भाग समजावा असं सांगितलं. राजकारणातून संयमित भाषा हद्दपार झाली म्हणून गळा काढणाऱ्यांनी तो एफआयआर जरूर वाचावा. एरवी सायकलचोराचा पंचनामा करताना हवालदार सायकलच्या घंटीचा रंगसुद्धा लिहितो. इथे मंत्र्याची वेळ आली आणि लेखणीला काय ती मर्यादा, काय ते सूचक मौन! शब्द जपून वापरावेत हे सरकारला कळत नाही असं कोण म्हणतं?

आता वाटेल, इतकी चपराक बसल्यावर निदान आठवडाभर सगळे तोंड सांभाळून असतील. 16 मे रोजी, म्हणजे निवाड्याची शाई वाळायच्या आत, उपमुख्यमंत्री जगदीश देवडा याच जबलपुरात नागरी संरक्षणाच्या स्वयंसेवकांपुढे बोलायला आले. देश आणि सैन्य पंतप्रधानांच्या चरणी नतमस्तक आहे, अशा अर्थाचं ते बोलून गेले. सिग्नल्स, ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स, तिघांची केंद्रं असलेल्या छावणीच्या गावात! गदारोळ उठल्यावर खुलासा आला, की विपर्यास झाला. जनता सैन्याच्या चरणी नतमस्तक आहे असं म्हणायचं होतं. चरण कायम होते, फक्त कुणाचे एवढंच बदललं.

शाह यांच्या माफीचा प्रवास तर अभ्यासक्रमात लावावा असा आहे. आधी हसतमुखाने ‘दहा वेळा माफी मागायला तयार आहे’. सर्वोच्च न्यायालयाने 19 मे रोजी ती माफी नाकारली आणि तीन आयपीएस अधिकाऱ्यांचं तपास पथक नेमलं, त्यात एक महिला अधिकारी हवीच अशी अट घालून. मग हात जोडून नवा व्हिडिओ आला. त्यात हा सारा प्रकार ‘भाषिक चूक’ ठरला. जणू वाक्यात कर्ता-कर्म चुकलं होतं, नाहीतर विशेषणाला प्रत्यय लागला नव्हता! जुलैत सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सुनावलं, की ही ऑनलाइन माफी म्हणजे आमच्या सहनशक्तीची परीक्षा आहे. दहापैकी किती झाल्या याचा हिशेब कोण ठेवतंय, माहीत नाही.

याच शाहसाहेबांनी एप्रिल 2013 मध्ये झाबुआच्या कार्यक्रमात मुख्यमंत्र्यांच्या पत्नीबद्दल अश्लाघ्य विनोद केला होता. तेव्हा मात्र मंत्रिपद गेलं. काही महिन्यांत परतही आलं. यातून शिस्तीचा एक बारीक नियम हाती लागतो: बाई कोण आहे ते बघून राजीनामा ठरतो. मुख्यमंत्र्यांच्या घरची असेल तर चार दिवसांत, सैन्यातली असेल तर नुसताच तपास.

योगायोग असा की तो एप्रिल महाराष्ट्रातही माफीचाच होता. दुष्काळात धरणं कशाने भरायची यावर इंदापूरकडच्या सभेत अजित पवार बोलून गेले, आणि मग कराडला प्रीतिसंगमावर यशवंतरावांच्या समाधीजवळ दिवसभर आत्मक्लेश करत बसले. त्या आत्मक्लेशाचीही तेव्हा टिंगल झाली. आता वाटतं, एप्रिलच्या उन्हात अख्खा दिवस उपाशी बसण्याएवढे कष्ट तरी माणसाने घेतले होते. हल्ली क्लेश ऐकणाऱ्याने करून घ्यायचे असतात: ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर.’ या ‘असतील तर’मध्ये सगळी मेख आहे. दुखावल्या आहेत की नाहीत हे आधी तुम्ही सिद्ध करा, मग आम्ही दिलगीर होऊ.

पूर्वी असं नव्हतं, असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. जबलपुरात तर फारच. कमानिया गेटापाशी खोव्याची काळी जिलबी खात उभं राहिलं, की कोणी ना कोणी “काय दिवस होते बड्डे!” म्हणून सुरू होतोच. ती कमान त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून बांधलेली. मार्च 1939 मध्ये शहराजवळ त्रिपुरीला ते अधिवेशन भरलं. सुभाषबाबू पट्टाभींना 1580 विरुद्ध 1377 मतांनी हरवून अध्यक्ष झालेले, पण अंगात सणकून ताप. मिरवणुकीत बावन्न हत्तींनी ओढलेल्या रथात त्यांची तसबीर ठेवावी लागली, आणि ते स्वतः स्ट्रेचरवरून मंडपात आले. हे सगळं शाळेत सांगतात. ताप खोटा आहे अशी कुजबूज तिथे चालली होती, हे सांगत नाहीत. त्यांच्या काखेत कांदे तर नाहीत ना, हे एकदा तपासून बघा, असंही कुणीतरी सुचवल्याचं सांगतात. आजार खोटा असल्याच्या कुजबुजीबद्दल पुढे खुद्द सुभाषबाबूंनीच लिहून ठेवलंय, ‘मॉडर्न रिव्ह्यू’मधल्या आपल्या आजारपणावरच्या लेखात.

तेव्हा सभ्यतेच्या सुवर्णयुगाच्या गप्पा आमच्यापुढे नकोत. आमच्याकडे कांदे आहेत.

पण फरक आहेच. कांद्याची शंका कुणी व्यासपीठावरून घेतली नाही. ती कोपऱ्यात, आवाज खाली करून घेतली गेली. बोलणाऱ्याला आपण हलकट बोलतोय याची जाणीव होती, ती जाणीव म्हणजेच तेव्हाची सभ्यता. माणसं फार थोर होती असं नाही, त्यांना लाज होती. आणि ज्याच्यावर चिखल उडाला त्याने उत्तरादाखल लेख लिहिला. आज सुभाषबाबू असते तर संध्याकाळपर्यंत गावोगाव कांद्याच्या माळा घालून मोर्चे निघाले असते, प्रवक्त्याने स्टुडिओत कांदा कापून दाखवला असता, आणि रडतोय कोण यावर रात्रीची चर्चा झाली असती.

या शहराची खासदारकी पुढे वर्षानुवर्षं सेठ गोविंददासांकडे होती. हिंदीसाठी आयुष्य वेचलेला माणूस, शंभरावर नाटकं लिहिलेली. त्यांच्या निधनानंतर पोटनिवडणूक झाली आणि 1975 च्या सुरुवातीला तुरुंगात असलेला सत्तावीस वर्षांचा एक इंजिनिअर निवडून आला: शरद यादव. पुढे आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढवून घेतली गेली तेव्हा निषेध म्हणून त्यांनी राजीनामा फेकला; दुसरा राजीनामा आपल्या मधू लिमयांचा. असली माणसं दुर्बिणीतून शोधावी लागतात. पण याच शरद यादवांनी महिला आरक्षणाच्या वादात बायकांना ‘परकटी’ म्हटलं. 2015 मध्ये विमा विधेयकाची चर्चा चालू असताना राज्यसभेत दक्षिणेतल्या स्त्रियांच्या वर्णाचं आणि अंगाचं वर्णन केलं, आणि सभागृह हसलं. 2018 मध्ये वसुंधरा राजे यांच्या जाडीवर बोलून नंतर दिलगिरी व्यक्त केली. मधल्या काळात, 2012 साली, उत्कृष्ट संसदपटूचा किताबही त्यांना मिळाला. विमा विधेयकावर त्या दिवशी काय ठरलं, हे मात्र कुणाला आठवत नाही.

आणि हरिशंकर परसाई. याच शहरात राहून आयुष्यभर व्यंग्य लिहिलं. कुणाला सोडलं नाही, पण कुणाच्या आईबहिणीला हात घातला नाही. 1973 साली त्यांच्या लेखनावर नाराज लोकांनी घरी जाऊन त्यांना मारहाण केली. जो नीट बोलला त्याने मार खाल्ला, हे आमच्या गावच्या नोंदीत आहे.

मुंबई-पुण्याचे वाचक इथपर्यंत समाधानाने मान हलवत आले असतील: हिंदी पट्टा, दुसरं काय! त्यांच्या माहितीसाठी, ऑगस्ट 2021 मध्ये मुख्यमंत्र्यांच्या कानाखाली देण्याची भाषा केली म्हणून केंद्रीय मंत्र्याला कोकणात अटक झाली, हे इकडच्या चहाच्या टपऱ्यांवरही चवीने चघळलं गेलं. जुलै 2025 मध्ये विधानभवनाच्या लॉबीत दोन आमदारांचे समर्थक एकमेकांची गचांडी धरत होते. त्यावर उपाय म्हणून अधिवेशनात बाहेरच्या लोकांना प्रवेशबंदी आली. म्हणजे यापुढे जे काय व्हायचं ते अधिकृत सदस्यांमध्येच होईल. तुम्ही अत्र्यांचं नाव काढाल, तेही ठाऊक आहे. अत्र्यांनी कुणाला सोडलं? पण अत्रे शिवीवर मेहनत घेत. हल्लीची शिवी रेडिमेड येते आणि अंगाला बसत नाही.

तर प्रूफ रेंजवाल्या काकांपुढे मी एक योजना मांडली. तिकीट वाटण्याआधी प्रत्येक पक्षाने आपल्या इच्छुकांचा लॉट प्रूफ रेंजवर पाठवावा. नमुन्यादाखल पाच जण उचलायचे, समोर माइक, पाठीमागे टाळ्यांची कॅसेट. अर्धा तास बोलायला सांगायचं. एकाची जीभ जरी घसरली तरी अख्खा लॉट परत.

काकांनी चष्मा पुसला. “योजना बरी आहे,” म्हणाले, “पण तुझ्या डोक्यात एक घोटाळा आहे. प्रूफला गोळा नापास केव्हा होतो? पडायला हवा तिथे न पडता भलतीकडे पडला तर. यांचा गोळा भलतीकडे पडतो असं तुला कुणी सांगितलं? टाळ्या वाजल्या ना? बरोब्बर निशाण्यावर आहे. तुझा लॉट पास.”

काका, अहो पण कोर्ट...

“कोर्ट म्हणजे आवाज झाला म्हणून आलेली तक्रार. आमच्याकडे पण यायच्या. खिडकीच्या काचा हादरतात म्हणून.”

काकांचं गणित चुकीचं आहे, असं सिद्ध करावं म्हणून मी चार दिवस प्रयत्न केला. त्याच सुमारास आमच्या वॉर्डातला एक इच्छुक दारात आला. महापालिकेची निवडणूक अजून लांब आहे, पण होर्डिंगवर नमस्कार करायला त्याने आतापासून सुरुवात केलीय. मुलगा तसा सालस आहे. बायकामुलांना वाटेत भेटला तर मान खाली घालून बोलतो, माझ्या पाया पडतो. मराठी घरातला, आजोबा दासबोध वाचायचे. म्हणाला, भाऊ, तुम्ही लिहिता, मला एक भाषण लिहून द्या. मी खुशीत येऊन नळाचं पाणी, नाले, डुमना विमानतळाकडचा रस्ता, सगळं मुद्देसूद लिहून दिलं.

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग संकोचाने म्हणाला, “भाऊ, छान आहे. पण यात काहीच नाही.”

“काय पाहिजे?”

“म्हणजे... व्हिडिओ फिरला पाहिजे ना. मागच्या वेळी समोरच्याने तीन महिने रस्त्यांवर भाषणं केली, कुणी ओळखत नव्हतं. मग एका महिला नगरसेविकेबद्दल एक वाक्य बोलला. दुसऱ्या दिवशी भोपाळहून फोन. तुम्ही एकच वाक्य टाका. जास्त नको. गुन्हा दाखल व्हावा इतपत, पण अटक होऊ नये.”

मी म्हटलं, हे माझ्याच्याने होणार नाही.

“ठीक आहे,” तो म्हणाला. जराही वाईट वाटलं नाही त्याला. “ते वाक्य मी बघतो कुणाकडून तरी. तुम्ही माफीपत्र लिहून द्या. तुमची भाषा सुसंस्कृत आहे, ते तुम्हालाच जमेल. ‘दुखावल्या असतील तर’ घाला. नाव आणि तारीख तेवढी रिकामी ठेवा.”