एरियल, दाजी, एरियल!

(रंगमंचावर एक खुर्ची. मोबाइल कानाला.)

हो, हो. निघालास? ये बाबा. (फोन ठेवतो.) मेहुणा. पार्ल्याचा. लग्नात यानं माझा कान पिळला, तो अजून सोडलेला नाही.

माणूस वाईट नाही, पण खूळ आहे. (नाकातून, ऐटीत) "दाजी, रस्त्याचं सांगू नका. एरियल बोला, एरियल!" मुंबई-त्र्यंबक रस्त्यानं पावणेदोनशेच्या घरात. हा म्हणतो, एरियल सव्वाशेसुद्धा नाही! अरे, तू काय कावळा आहेस? असशील तर जरूर ये. त्र्यंबकात पिंडांना तोटा नाही!

2017 च्या डिसेंबरात उडान योजनेत मुंबई-नाशिक विमान सुरू झालं. याला आकाश ठेंगणं! विमानतळ घरामागे, तरी दोन तास आधी जाऊन बसला. विमान उडालं. डाव्या खिडकीतून ब्रह्मगिरी दिसला. यानं हात जोडले. ब्रह्मगिरी गेला. नाशिक आलं. (मान हळूहळू मागे वळवत) नाशिकही गेलं! उतरला कुठं? ओझरला! नाशिकच्या पुढं वीस किलोमीटर. म्हणजे वीस मागं या, वर त्र्यंबकचे तीस. ती धावपट्टी मिग आणि सुखोईवाल्यांची हो. सुखोईला त्र्यंबक किती, दोन-तीन मिनिटं. याला रिक्षा मिळेना.

मिळाली, ती द्वारका चौकात अडकली. तिथं साक्षात श्रीकृष्ण आला तरी दोन सिग्नल थांबतो.

आणि सासूबाई? त्याच दिवशी लाल डब्यानं निघाल्या. कसारा घाट चढल्या, घोटीला उतरल्या, डावीकडे जीप पकडली, पहिन्याच्या धुक्यातून थेट त्र्यंबक. कुशावर्तात स्नान, दर्शन, जेवण, वामकुक्षी. चिरंजीव दारात! "काय रे, तू विमानानं येणार होतास ना?" (नाकातून, पण बारीक आवाजात) "आई... एरियल..."

एकदा मी त्याला गंगाद्वारावर नेलं. म्हटलं, ही गोदावरी. इथून पश्चिमेचा समुद्र तुझ्या एरियलनं ऐंशी किलोमीटर. मोखाडा, जव्हार, की पाण्यात! पण बाई वळली पूर्वेला. 1465 किलोमीटर चालली, बंगालच्या उपसागरापर्यंत.

(थांबतो.) ती जवळच्या रस्त्यानं गेली असती ना, तर पैठणला घाट नसता. नांदेडला नदी नसती. जायकवाडीत पाणी कुठून येणार होतं? आमचे निवृत्तिनाथ इथंच डोंगरात वाट चुकले म्हणतात, वाघ आडवा आला म्हणून. वाट चुकले, आणि गुहेत गहिनीनाथ भेटले. सरळ घरी पोचले असते तर...

(नाकातून) "दाजी, म्हणजे गोदावरीनं मॅप उघडलाच नाही!"

ढकलणार होतो. सासूबाई खाली उभ्या होत्या.

परवा तिसरा श्रावणी सोमवार. ब्रह्मगिरीची फेरी. लहान फेरी म्हटली तरी वीस किलोमीटर, चिखल, पाऊस. पहाटे कुशावर्तावर सगळे अनवाणी तयार. हा पायरीवर बसलेला, मोबाइलवर बोट. म्हटलं, ऊठ!

"दाजी, फेरी सुरू कुठून?"

कुशावर्तावरून.

"संपते कुठं?"

कुशावर्तावरच.

"मग एरियल शून्य! झाली की माझी!"

आणि सासूबाईंच्या पिशवीतला साबुदाणा खिचडीचा डबा उघडला. माझ्या वाटणीचा!

(अंधार.)