दगड जागेवर ठेवा!

ग्रहांचा अभ्यास करणारी जगभरची मंडळी दर मार्चमध्ये अमेरिकेत ह्यूस्टनच्या परिसरात जमतात. अपोलो 11 ने आणलेल्या चंद्राच्या दगडांवर चर्चा करायला 1970 च्या जानेवारीत ती पहिल्यांदा बसली, ती अजून उठायचे नाव घेत नाहीत. वर्ध्याहून ह्यूस्टन गाठायचे म्हणजे आधी पासपोर्ट, मग व्हिसा आणि शेवटी घरची परवानगी. पहिल्या दोन गोष्टी सरकार देते. म्हणून लोणारला विवराकाठी ग्रहविज्ञानाची कार्यशाळा आहे, क्षेत्रभेटीसह आणि जेवणासह, असे कळल्याबरोबर आम्ही नावे देऊन मोकळे झालो. आम्ही म्हणजे काही विज्ञानशिक्षक, एक-दोन निवृत्त आणि एक कापसाचे व्यापारी. व्यापाऱ्यांना ग्रहांशी तुमचा संबंध काय असे विचारले, तर म्हणाले, "सरकीचा भाव कोनाच्या हातात हाये, थेच पाहाले चाल्लो."

ट्रॅव्हल्स पहाटे पाचला निघणार होती. वर्ध्यात पहाटेचे पाच सहाला वाजतात, आणि सहाला कुणाच्या तरी घरी पोहे तयार असतात. पोह्यांवर तर्री, तर्रीवर चहा, असे करत आम्ही येळाकेळीला समृद्धी महामार्गावर चढलो तेव्हा सूर्य आमच्या पुढे निघून गेला होता. हा रस्ता इतका सरळ की पेंगलेला माणूस कारंजापाशी जागा झाला तरी त्याला आपण येळाकेळीतच आहोत असे वाटते. दोन्हीकडे कपाशी, मधूनमधून तूर. ड्रायव्हरने एकदाच तोंड उघडले: "सर, थ्या खड्ड्यात पाह्यन्यासारखं काय हाये? खड्डे आपल्या गावात कमी हायेत का?"

गाडीतली खरी कार्यशाळा मात्र तिथूनच सुरू झाली. विषय निघाला 2022 च्या गुढीपाडव्याचा. 2 एप्रिलच्या त्या संध्याकाळी, पावणेआठच्या सुमाराला, सगळ्या विदर्भाच्या आभाळातून जळते गोळे रांगेने गेले. मागच्या सीटवरचे काका म्हणाले, "मी गच्चीवर होतो. जशी कोनी आभायात फटाक्याची लडीच लावली!" शेजारचे म्हणाले, उल्का. पुढचे म्हणाले, क्षेपणास्त्र. पुढे चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला धातूचे भले मोठे कडे पडलेले सापडले आणि ते चिनी रॉकेटचे भंगार असल्याचे निष्पन्न झाले. चांग झेंग 3 बी हे त्या रॉकेटचे नाव. फेब्रुवारी 2021 मध्ये ते उडाले आणि त्याचा वरचा टप्पा वर्षभर पृथ्वीभोवती हिंडून नेमका पाडव्याला आमच्याकडे उतरला. व्यापाऱ्यांनी एवढेच विचारले की भंगाराचा भाव काय लागला.

मेहकरला महामार्ग सोडून लोणारला पोचलो. उद्घाटनाची वेळ दहाची होती, म्हणजे आम्ही साडेअकराला वेळेवर होतो. दीपप्रज्वलन झाले. वारा होता, त्यामुळे ते तीनदा झाले. मग स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय आणि त्या परिचयात राहून गेलेल्या गोष्टींचा परिचय. ज्या उल्केने लोणार घडवले तिला सगळे काम उरकायला काही क्षण पुरले होते. तिला प्रास्ताविक नव्हते.

पण पुण्याकडून आलेल्या भूशास्त्राच्या बाई उभ्या राहिल्या आणि पंख्याची घरघरसुद्धा कमी झाल्यासारखी वाटली. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पत्थरात आहे. असली विवरे पृथ्वीवर अगदी मोजकी. चंद्रावरचे काळे डाग आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभागही बेसॉल्टचाच, त्यामुळे तिथे जे घडले ते इथे पायाने चालत पाहता येते. 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली, पण नंतर दीर्घकाळ लोक याला ज्वालामुखीचे तोंडच समजत. आघाताच्या दाबाने खनिजाची काच झालेली सापडली आणि 1973 मध्ये वाद मिटला. वय आधी पन्नास हजार वर्षे धरत, आता मोजणी पावणेसहा लाखांच्या घरात जाते. व्यापारी माझ्या कानाशी लागले: "वय वाढवून सांगनारं गिऱ्हाईक पह्यल्यांदाच पाह्यलं."

जेवणानंतर आम्ही विवरात उतरलो. जेवणानंतर उतरू नये, कारण नंतर चढावे लागते. खाली झाडी, जुनी देवळे, माकडे आणि खाऱ्या पाण्याचा उग्र वास. जून 2020 मध्ये हेच पाणी गुलाबी झाले होते. पाणी आटून खारटपणा वाढला आणि मीठ मानवणारे सूक्ष्मजीव माजले. सगळा महाराष्ट्र टाळेबंदीत घरी बसला असताना तळ्याने हा शृंगार केला.

बाईंनी एक खडा भिंगाखाली धरून दाखवला. काळ्या दगडात मिरीएवढा काचेचा थेंब, उन्हात धरला की चमकणारा. प्रत्येकाने पाहिले, प्रत्येकाने "वा" म्हटले आणि पुढच्या दहा मिनिटांत सगळ्यांच्या माना खाली गेल्या. वर येताना बाई शांतपणे म्हणाल्या, "हे अभयारण्य आहे. दगड जागेवर ठेवा." मग जे खिसे उलटे झाले ते बघण्यासारखे होते. एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या पिशवीतून नारळाएवढा धोंडा निघाला. बाईंनी तो उलटसुलट पाहिला. "सर, हा साधा बेसॉल्ट आहे. तुमच्या वर्ध्यात विहीर खणली की हाच लागतो." मुख्याध्यापक म्हणाले, "मग इतक्या दूर काहून आनलं आमाले?"

प्रश्न रास्त होता. पण चंद्रावर जाणाऱ्या अपोलो 14 च्या चमूलाही 1970 मध्ये दगड ओळखायला शिकवण्यासाठी जर्मनीतल्या रीस विवरात नेले होते. भारताने 2040 पर्यंत चंद्रावर माणूस उतरवायचे ठरवले आहे. त्या माणसाला काळा पत्थर वाचायला शिकवायचा, तर लोणारपेक्षा चांगला वर्ग देशात नाही, आणि उजळणीला वर्धा रस्त्यावरच आहे. शास्त्रज्ञांनी येताना एक मुक्काम आमच्याकडे करावा, खायला गोरसपाक आम्ही देऊ.

तोवर वर्धेकरांनी एक घरगुती सत्र उरकून घ्यावे. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत, त्यामुळे 24 मेच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. दुपारी बारा वाजून दहा-बारा मिनिटांनी अंगणात उभी ठेवलेली बाटली सावलीच पाडत नाही. 20 जुलैच्या सुमाराला हा प्रकार पुन्हा होतो, पण तेव्हा ढग असतात. नोंदणी शुल्क नाही, प्रमाणपत्र मिळणार नाही, दुपट्टा ज्याने त्याने आणावा.