हशा कुणावर?

वर्गातून हसण्याचा आवाज आला की मुख्याध्यापकांचे कान टवकारतात. रडण्याचा आला तर तेवढे टवकारत नाहीत. रडणारं मूल निदान शिस्तीत बसलेलं असतं, अशी आपली जुनी समजूत.

शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग, हे ठरवलं कुणी? शांतता तर पेंगणाऱ्या वर्गातही असते.

प्रशिक्षणांतून आता उलटा सूर लागतो. हसतखेळत शिकवा, स्वतःचे अनुभव सांगा, मुलांना गुंतवा. सल्ला योग्यच आहे. पण तो देणारे तज्ज्ञ दिवसभर पडद्यावरची वाक्यं वाचून दाखवतात आणि समोरचे शिक्षक संध्याकाळपर्यंत एकदाही हसत नाहीत. मग हे हसवणं शिकायचं कुणाकडून?

ज्याला विनोद साधत नाही, तो टिंगल करतो. ती सोपी पडते. जाड्या, काळ्या, बुटक्या, ढ. बोलताना अडखळणाऱ्या मुलाची नक्कल केली की सगळा वर्ग खो खो हसतो. तो मुलगा त्या दिवसापासून हात वर करत नाही.

ही छडीच आहे, फक्त वळ दिसत नाहीत.

आणि ती बेकायदाही आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं 17 वं कलम शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही मनाई करतं. लाकडी छडी मास्तर निदान दडवून ठेवतात. टोपणनावं उघड्यावर चालतात.

‘अहो, गंमत केली!’ असेल. ज्याची केली, त्याला विचारलंत?

दुसरी खोड आत्मचरित्राची. ‘आमच्या वेळी’ हे दोन शब्द आले की तास गेला. अनवाणी पायपीट, कंदिलाखालचा अभ्यास, बोर्डात आलेला नंबर. मुलं निमूट ऐकतात, कारण तेवढा वेळ वह्या तपासायच्या राहतात. या गोष्टीत मास्तर वाक्यागणिक मोठे होत जातात आणि समोरचं पोर तेवढंच लहान.

साने गुरुजींनी बरोबर उलटं केलं. अमळनेरच्या शाळेत त्यांनी 1924 ते 1930 शिकवलं आणि 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. त्यातला श्याम कसा आहे? पोहायला जायच्या भीतीने लपणारा, हट्ट करणारा, चोरीही करणारा. गुरुजींनी स्वतःचं बालपण धुऊनपुसून मांडलं नाही, म्हणून पोरांना तो आपल्यातला वाटला. आपण त्या पुस्तकातून संस्कार तेवढे उचलले आणि श्यामच्या चुका मागे टाकल्या.

चुकांशिवाय गोष्ट उरते कुठे?

एका जिल्हा परिषद शाळेत पाचवीचा तास पाहिला. फळ्यावर 1/4 आणि 1/8. मोठा कोणता? पोरं एका सुरात ओरडली, 1/8! आठ मोठे ना चारापेक्षा.

बाईंनी ‘चूक’ म्हटलं नाही. म्हणाल्या, ‘मीही असंच म्हणाले होते. मामाच्या घरी कलिंगड आणलं. मामाने विचारलं, चौथा हिस्सा घेतेस की आठवा? मी झटकन म्हटलं, आठवा! चौथा माझ्या धाकट्या भावाने घेतला. त्याची फोड माझ्या दुप्पट. मी जे भोकाड पसरलं!’ वर्ग हसून लोळायचा बाकी. मागच्या रांगेतली एक मुलगी मात्र हसता हसता थांबली. ‘बाई, तुम्ही सोळावा मागितला असता तर अजून कमी मिळालं असतं?’

बाईंनी खडू तिच्या हातात दिला.

यात विनोद कुठला आणि गणित कुठलं, वेगळं काढून दाखवा. ज्या गैरसमजापायी पोरं चुकली, तोच गैरसमज गोष्टीत होता. हसू आलं बाईंच्या फजितीवर. आणि ती फजिती आपलीही झाली असती, हे प्रत्येकाला त्याच क्षणी कळलं.

ज्यांना पुरावा हवा, त्यांच्यासाठी तोही आहे. इस्रायलमधले मानसशास्त्रज्ञ अव्नेर झिव यांनी 1988 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विषय संख्याशास्त्र, म्हणजे हसण्याला सर्वांत नाठाळ. एका गटाला धड्याशी जोडलेल्या विनोदांसह शिकवलं, दुसऱ्याला त्याशिवाय. सत्राअखेरच्या परीक्षेत विनोदाचा गट पुढे गेला.

धड्याशी जोडलेल्या. हे दोन शब्द प्रशिक्षणात गाळले जातात.

कारण भलतीच गोष्ट नुकसानही करते. शॅनन हार्प आणि रिचर्ड मेयर या अमेरिकी संशोधकांनी 1998 साली वीज कशी पडते यावरचा धडा घेतला आणि त्यात वीज अंगावर पडलेल्या माणसांचे चटकदार किस्से घातले. वाचणाऱ्यांना वीज पडण्याची कारणमीमांसा उलट कमी आठवली. तेव्हा भूगोलाच्या तासाला क्रिकेटचे किस्से सांगून पोरं खूश केली, यात शिकवण्याचं श्रेय घेऊ नये. पोरं ऑफ तासालाही खूशच असतात.

‘विनोद म्हणजे उथळपणा’ म्हणणारे अजून आहेतच. त्यांनी जरा यादी पाहावी. आचार्य अत्रे पुण्यात कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे हेडमास्तर होते. पु. ल. बेळगावच्या कॉलेजात शिकवत होते. द. मा. मिरासदारांनी शाळेतही शिकवलं आणि कॉलेजातही. महाराष्ट्राला हसवणारी किती तरी माणसं हातात खडू धरून उभी राहिलेली आहेत. त्यांचं शिकवणं उथळ होतं, असं म्हणायची छाती कुणाची आहे?

गोष्टींवरचा संशयही जुना. गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक वर्गात गोष्टी सांगायला लागतो आणि हेडमास्तर विचारात पडतात, हा शिकवणार कधी? पुस्तक गेल्या शतकाच्या तिशीतलं. हेडमास्तरांचा प्रश्न मात्र परवाच्या पालकसभेतला वाटतो. त्याच गिजुभाईंबरोबर भावनगरला काम करून ताराबाई मोडक पुढे बोर्डीला आणि मग कोसबाडला गेल्या. वारली मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत ना? मग शाळाच कुरणात नेली. मुलांच्या जगण्यात शिरल्याशिवाय त्यांच्याशी गोष्ट जुळत नाही, हे त्यांनी पायी चालून दाखवलं.

आपण काय केलं? गोष्ट परिपाठात बसवली. प्रार्थना, सुविचार, दिनविशेष आणि एक बोधकथा. वाचणारं मूल घाईत, ऐकणारी उन्हात. शेवटी तात्पर्य. तात्पर्य ऐकून कुठल्या मुलाने ‘मग पुढे काय झालं?’ विचारलंय?

शिक्षकांवर सगळं ढकलून भागणार नाही. जनगणना त्यांनी करायची, निवडणूक त्यांनी पार पाडायची. कायद्यानेच तशी मुभा ठेवली आहे. त्यावर रोजची ऑनलाइन माहिती. दोनशिक्षकी शाळेत एक गुरुजी बैठकीला गेले की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. आणि पोर्शन संपला का, हे विचारायला सगळे हजर.

आपली फजिती मोकळेपणाने सांगायला मन निवांत लागतं, आणि समोरच्या मुलांची नावं तोंडपाठ लागतात. मोबाइलवर फोटो अपलोड करणाऱ्या हातांकडे हा निवांतपणा कुठून यायचा? तो देणं सरकारचं काम आहे, आणि ते सरकारने टाळलेलं आहे.

तोवर केंद्रप्रमुखांनी एक करावं. शाळाभेटीत कुठल्या वर्गातून हशा ऐकू आला, तर रागावू नये. आत जावं आणि एखाद्या मुलाला विचारावं, कशाला हसलात? त्याने अपूर्णांक समजावून सांगितला, तर शेरेबुकात चार चांगले शब्द लिहून पुढच्या शाळेला निघावं. त्याने वर्गातल्याच एखाद्या पोराकडे बोट दाखवलं, तर मात्र जेवायची सुट्टी होईपर्यंत थांबावं आणि मास्तरांना बाजूला घ्यावं.