उघडून बघणारे

उघडून बघणारे हा महाराष्ट्रातील शहरी गृहस्थांचा एक सुपरिचित वर्ग आहे. घरातील विजेची कोणतीही वस्तू बंद पडली की या वर्गातील व्यक्ती “जरा उघडून बघतो” असे म्हणते, त्यावरून हे नाव पडले. या वाक्यातील ‘जरा’ हा शब्द कालवाचक नाही. वय साधारण पन्नाशीच्या पुढे, पेशा कोणताही. बँक, पोस्ट, मंत्रालय, शाळा यांतून निवृत्त झालेले विशेष आढळतात. इलेक्ट्रिकल इंजिनिअर मात्र या वर्गात क्वचितच सापडतो. तो मेकॅनिकला फोन करतो.

मिक्सर, इस्त्री आणि भिंतीवरचे घड्याळ ही या वर्गाची परंपरागत क्षेत्रे. अलीकडे त्यांत डीह्युमिडिफायरची भर पडली आहे. मुंबई-ठाण्यात आणि कोकणपट्टीत जुलैमध्ये हवेतील सापेक्ष आर्द्रता पुष्कळदा ८५-९० टक्क्यांपर्यंत जाते. पापड सादळतात, चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी धरते, कपाट उघडले की कुबट वास येतो. मग नोकरी करणारा मुलगा किंवा मुलगी हे यंत्र मागवून देते. घरात त्याचे नाव ‘पाण्याचं मशीन’ असे पडते. पहिल्या रात्री बादलीत जमलेले पाणी बघायला शेजारचेही येऊन जातात.

यंत्राची रचना फ्रिजसारखीच असते. पंखा खोलीतील हवा आत ओढतो. ती थंड जाळीवरून जाताना बाष्पाचे पाणी होऊन खाली बादलीत ठिबकते आणि कोरडी झालेली हवा गरम जाळीवरून बाहेर पडते. त्यामुळे खोली गार होत नाही, उलट थोडी तापते: लिटरभर बाष्पाचे पाणी होताना सुमारे ०.७ युनिट उष्णता सुटते, शिवाय कॉम्प्रेसरने खाल्लेली वीजही खोलीतच उतरते. “यातून गार वारा का येत नाही?” असे विचारणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला उघडून बघणारा हे समजावून सांगतो. पाहुणा चहासाठी थांबला, तर १९०२ साली विलिस कॅरिअरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवेतला दमटपणा आवरणारी यंत्रणा आखली आणि आजच्या एसीचा जन्म कागद फुगू नये म्हणून झाला, हेही ऐकायला मिळते.

वॉरंटीच्या काळात या वर्गातील व्यक्ती अस्वस्थ असते. मागच्या स्क्रूवर ‘सील तुटल्यास वॉरंटी रद्द’ असा कागदी टिकला असतो, त्यावरून ती अधूनमधून बोट फिरवते. यंत्र तेराव्या महिन्यात बिघडले, तर घरात एकटा तोच मनुष्य प्रसन्न दिसतो.

निदानाची सुरुवात टेस्टरने होते. टेस्टर हा या वर्गाच्या खिशाला पेनासारखा लावलेला असतो. सॉकेटमध्ये तो पेटला की “लाइट आहे” असा निर्वाळा दिला जातो. वास्तविक टेस्टर फक्त फेज दाखवतो. न्यूट्रल तुटलेली असली तरी तो तितक्याच आनंदाने पेटतो. त्याच सॉकेटला टेबललॅम्प लावून बघणे हा खरा उपाय, पण त्यात उघडण्यासारखे काही नसते.

पुढचा टप्पा ‘बादली भरली’ या लाल दिव्याचा. बादली रिकामी असूनही हा दिवा जात नाही, ही या यंत्राची सर्वांत सामान्य तक्रार होय. बादलीत एक फ्लोट असतो, त्याच्या टोकाला इवलेसे लोहचुंबक. पाणी वाढले की फ्लोट वर जातो, लोहचुंबक जागेवरून हलते आणि यंत्राच्या भिंतीमागचा स्विच यंत्र बंद करतो. बुळबुळीत थरामुळे फ्लोट अडकला, बादली नीट बसली नाही किंवा धुताना लोहचुंबकच निघून मोरीत गेले, तर यंत्राला बादली कायम भरलेलीच वाटते. अडकलेला फ्लोट जुन्या टूथब्रशने घासला की मोकळा होतो. लोहचुंबक हरवल्याचे लक्षात आल्यावर मात्र उघडून बघणाऱ्याची प्रतिभा जागी होते. तो फ्रिजच्या दारावरचा, सहलीत घेतलेला गणपतीपुळ्याचा मॅग्नेट काढतो. मागचे गोल काळे लोहचुंबक बादलीच्या खोबणीत भिंतीला लावून इंच-इंच सरकवत नेतो. एका ठिकाणी ‘टक्’ होते, लाल दिवा विझतो आणि पंखा सुरू होतो. घरातल्यांना हाका मारून हे तीनदा दाखवले जाते. मग एम-सीलची गोळी मळून मॅग्नेट तिथेच कायमचा चिकटवला जातो. यानंतर यंत्राच्या दृष्टीने बादली कधीच भरत नाही. पहाटे दिवाणखान्यात पाय ठेवणाऱ्याला असे आढळते की, हवेतले पाणी गोळा करून फरशीवर नेऊन ओतणारे यंत्र घरात तयार झाले आहे. “निदान चालतंय तरी,” अशी यावर संबंधिताची प्रतिक्रिया असते, आणि ती तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे.

यंत्र चालते पण पाणी जमत नाही, अशा तक्रारीत प्रथम फिल्टर बघावा. धुळीने तो गच्च भरला की हवा आत जात नाही. फिल्टर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळल्यावरच बसवावा, असे माहितीपुस्तिकेत छापलेले असते. जुलैत तो वाळत नाही. तो वाळवू शकेल असे घरातले एकमेव यंत्र त्याच्यावाचून बंद असते. अशा वेळी फिल्टर तीन दिवस पंख्याखाली खुर्चीवर बसवलेला आढळतो आणि घरातले लोक जमिनीवर.

फिल्टरही ठीक असेल, तर संशय आर्द्रतेच्या आकड्यावर येतो. यंत्र ६० टक्के दाखवते, घड्याळासोबत फुकट आलेला मापक ७२. दोघांतले खोटे कोण, हे ठरवण्याची या वर्गाची पद्धत खरोखर दाद देण्याजोगी आहे. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेऊन त्यात पाण्याचे काही थेंब टाकायचे. मीठ विरघळता कामा नये, नुसते ओले व्हावे. हे झाकण आणि मापक प्लॅस्टिकच्या हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवायचे. पिशवीतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. मापक जितका चुकेल तितकी त्याची खोट. मिठाची किंमत नगण्य असली तरी सकाळी पोह्यांच्या वेळी मिठाचा डबा इस्त्रीच्या टेबलावर सापडतो, हा या प्रयोगाचा उपखर्च धरावा.

याच सुमारास वहीत हिशेब होतो. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते. तीस अंशांना, ८० टक्के आर्द्रतेत तिच्यात सगळे मिळून ८०० ग्रॅमच्या आसपास पाणी. यंत्राने दिवसभरात आठ लिटर काढले असतील, तर ते खोलीच्या हवेतले नव्हे; बाहेरून आत येत राहिलेले. दाराखालची फट, एक्झॉस्टचे भोक, दोरीवरच्या ओल्या चादरी यांचा शोध लागतो. फटीत जुना टॉवेल कोंबला जातो. चादरींबाबत स्वयंपाकघराशी वाटाघाटी होतात आणि फिसकटतात.

बर्फ ही गंभीर अवस्था. थंड जाळीवर सगळीकडे सारखा बर्फ धरला, तर हवा कमी पडते आहे: फिल्टर किंवा पंखा बघावा. एकाच टोकाला धरून बाकी जाळी कोरडी राहिली, तर बहुधा गॅस कमी झाला आहे. लंडनमधला भाचा व्हिडिओ कॉलवर बघून “मामा, खोली गरम करा” असे सांगतो. थंड देशात ते योग्यच असते, कारण बारा-पंधरा अंशांच्या खोलीत जाळी सहज गोठते. ठाण्यात खोली आधीच तीस अंशांवर असते, त्यामुळे मामा फोन पंख्याखाली नेऊन ठेवतात.

कॉम्प्रेसर नुसता घुमून दर काही मिनिटांनी ‘कट्’ होत असेल, तर कपॅसिटर बघतात. पुण्यातला इसम यासाठी तपकीर गल्लीत जातो, मुंबईतला लॅमिंग्टन रोडला. दोघेही कपॅसिटरसोबत गरज नसलेला मल्टिमीटर घेऊन येतात. प्लग काढल्यावरही कपॅसिटर विजेचा साठा धरून असू शकतो. या वर्गातील पुष्कळांना हे उजव्या हाताने ठाऊक झालेले आहे.

तांब्याच्या नळीपाशी मात्र त्यांचे राज्य संपते. गॅसचे मंडळ सीलबंद असते. त्याला पंप, गेज आणि ब्रेझिंग लागते, आणि काही यंत्रांतला आर-२९० हा गॅस म्हणजे चक्क प्रोपेन, पेट घेणारा. इथे मेकॅनिकला बोलावणे येते. तो येण्यापूर्वीचा अर्धा तास उघडून बघणारा सगळे स्क्रू जागच्या जागी लावण्यात घालवतो, टिकला डिंकाने पुन्हा चिकटवतो आणि पेपर वाचत बसतो.

मेकॅनिक यंत्र फिरवून बघतो. “काका, आधी कुणी उघडलं होतं का?”

“नाही बुवा.”

मेकॅनिक बादली ओढून बाहेर काढतो, खोबणीत वाकून टॉर्च मारतो. एम-सीलच्या गोळ्यात गणपतीपुळ्याचे देऊळ, समुद्रासकट. तो काही बोलत नाही. फक्त पाणी मागतो, आणि ते आणायला काका उठतात तेव्हा फ्रिजच्या दाराकडे एकदा बघून घेतो.