शंभर मीटरच्या आत

रविवारी पहाटे साडेपाचला पडेगावच्या रस्त्यावर ज्या जोडप्यामागे कुत्री लागतात, ते जोडपं दोन प्रकारचं असू शकतं. एक, पळून जाऊन लग्न करायला निघालेलं. दोन, लग्नाला अठरा वर्षं झालेलं आणि ट्रायथलॉनची तयारी करणारं. पहिल्या प्रकारातलं जोडपं मागे वळून बघतं. दुसऱ्या प्रकारातलं मनगटावरचं घड्याळ बघतं, कारण कुत्रं मागे लागल्यावर वेग किती वाढला हे स्ट्रावा अ‍ॅपवर टाकायचं असतं.

छत्रपती संभाजीनगरात हल्ली ही दुसऱ्या प्रकारची जोडपी फार झाली आहेत. विद्यापीठाच्या गेटापाशी, गोगाबाबा टेकडीच्या पायथ्याशी, विभागीय क्रीडा संकुलात, कुठेही बघा. दोघांच्या अंगात एकाच स्पर्धेचे टी-शर्ट, पाठीवर ‘फिनिशर’ लिहिलेलं आणि पायांत लग्नातल्या शालूपेक्षा महाग बूट. आमच्या सिडकोतल्या सोसायटीत असंच एक जोडपं आहे. सोसायटीने चेष्टेने त्यांना आयर्नराव आणि आयर्नवहिनी अशी नावं ठेवली. त्यांनी ती कौतुक समजून घेतली, त्यामुळे चेष्टा करणाऱ्यांचीच पंचाईत झाली.

आयर्नराव वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहेत. वहिनी शाळेत गणित शिकवतात. म्हणजे एक जण दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणार आणि दुसरी त्या कुठल्या पायरीला झाल्या ते सांगणार. अशा दोन माणसांनी एका घरात राहणं हीच मोठी गोष्ट होती, एका संघात खेळणं तर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

सुरुवात झाली ती कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टने. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. वहिनी म्हणाल्या, ‘हे एकटे गेले तर कचोरीच्या गाडीपर्यंतच जातील,’ आणि त्यांनीही बूट चढवले. चालण्याचं पळणं झालं. लोकमतच्या महामॅरेथॉनमध्ये दोघं दहा किलोमीटर पळाले आणि मेडल गळ्यात तसंच ठेवून गुलमंडीवर इमरती खाऊन आले. मग सायकली आल्या. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सायकली बेडरूममध्ये गेल्या आणि ड्रेसिंग टेबल बाल्कनीत. सायकलींची किंमत हे त्या घरातलं सर्वांत जपलेलं गुपित आहे. आयर्नरावांच्या आईंना, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या आजींना, ‘जुनी घेतली, पंधरा हजारांत’ असं सांगितलंय. एवढ्या पैशांत त्या सायकलीची चाकंसुद्धा येत नाहीत, हे नातवाने आजींना केव्हाच सांगून टाकलंय. आजी बोलत नाहीत. बोलायचं ते योग्य वेळेसाठी राखून ठेवणाऱ्या पिढीतल्या त्या आहेत.

सायकलीपर्यंत ठीक होतं. खरी अडचण आली पाण्याची. ज्या शहरात नळाला पाणी आठवड्याने, कधी त्याहूनही उशिरा येतं, त्या शहरात यांनी पोहायचं ठरवलं. जायकवाडी इथून पन्नासेक किलोमीटरवर. १९७६ साली धरण झालं, केवढा नाथसागर भरला, पण त्यातलं पाणी आमच्या नळापर्यंत येईस्तोवर दमतं. पुण्याच्या कोचने मोबाईलवर पाठवलेलं ट्रेनिंगचं वेळापत्रक वहिनींनी फ्रिजवर लावलंय आणि त्यावर पेन्सिलीने पाण्याच्या पाळ्या लिहिल्यात. म्हैसमाळची चढाई ठरलेली असते आणि शनिवारी रात्री निरोप येतो, ‘उद्या पहाटे पाणी.’ कोच दुखापत समजू शकतो, ताप समजू शकतो, पण ‘मोटर लावायची आहे’ हे कारण त्या पुण्याच्या माणसाला अजून पटलेलं नाही.

आयर्नराव लहानपणी गावच्या विहिरीत पोहायला शिकले. पाठीला डबा बांधायचा आणि काकांनी वरून ढकलायचं, ही ती पद्धत. त्यामुळे त्यांना बुडायचं नाही एवढं पक्कं येतं, सरळ रेषेत पुढे जायचं येत नाही. विहिरीत सरळ जाऊन जाणार कुठे? तलावावरच्या प्रशिक्षकाने त्यांचे हातपाय बघून सांगितलं, ‘काका, तुम्ही पोहत नाही, तुम्ही वाचताय.’ वहिनी चाळिशीत शाळकरी मुलींच्या बॅचमध्ये पहिल्यापासून शिकल्या. त्या शांतपणे दीड किलोमीटर पोहून बाहेर येतात, केस पुसतात आणि काठावर बसून नवऱ्याच्या फेऱ्या मोजतात. गणिताच्या असल्यामुळे एकही जास्तीची धरत नाहीत.

एका रविवारी पार्किंगमध्ये ट्रान्झिशनचा सराव चालला होता. ट्रान्झिशन म्हणजे पाण्यातून येऊन सायकलीवर बसण्याचा आणि सायकलीवरून उतरून पळू लागण्याचा मधला वेळ. घड्याळ तेव्हाही चालूच असतं. दोन टॉवेल अंथरलेले. प्रत्येकावर बूट, मोजे, नंबराचा पट्टा आणि उलटं ठेवलेलं हेल्मेट, हेल्मेटात गॉगल. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलीला हात लावायचा नाही, असा नियम असतो. पोहण्याची सोय नसल्याने दोघांनी अंगावर एकेक तांब्या ओतून घेतला. वॉचमनच्या हातात स्टॉपवॉच.

आयर्नराव टॉवेलवर आले. त्यांनी पाय पुसले. मग बोटं एकेक करून पुसली. करंगळी नीट तपासून पास केली आणि मोजा चढवला. डाव्या पायाचा मोजा उजव्यात गेल्याचं लक्षात आलं, तो काढला, पुन्हा घातला. हेल्मेट उचललं तर आतला गॉगल घरंगळत सेक्रेटरींच्या गाडीखाली गेला. तोवर वहिनी ओल्या पायांनी, मोज्यांशिवाय, सायकलीवरून सोसायटीला एक चक्कर मारून आल्या होत्या. वॉचमनने निकाल जाहीर केला. मॅडम अठ्ठेचाळीस सेकंद, साहेब तीन मिनिटं दहा.

‘ओल्या पायांना फोड येतात,’ आयर्नराव म्हणाले.

‘अहो, दोन पोरांचे डबे, देवपूजा, आईंची बीपीची गोळी आणि सात वीसची शाळा. अठरा वर्षं मी दुसरं काय करतेय?’

वॉचमनने मान डोलावली. पार्किंगमध्ये वाद मिटला.

आयर्नमॅनचं खूळ मुळात एका जोडप्याचंच, असं आयर्नराव भेटेल त्याला सांगतात आणि ते खरं आहे. जॉन कॉलिन्स अमेरिकी नौदलात अधिकारी, ज्युडी त्यांची पत्नी. १९७४ साली सॅन दिएगोच्या ट्रायथलॉनमध्ये दोघं उतरले. पुढे हवाईत असताना वाद निघाला की सर्वांत दमदार कोण, पोहणारा, पळणारा की सायकलवाला? कॉलिन्स मंडळींनी तिन्ही प्रकार एकापाठोपाठ लावून टाकले. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटरची मॅरेथॉन. फेब्रुवारी १९७८ मध्ये १५ जण उतरले, १२ जण पोचले, आणि आयर्नमॅन सुरू झाली. इथे आयर्नराव दाद घ्यायला थांबतात. तेवढ्यात वहिनी विचारतात, ‘आणि तेव्हा घरी पोरांकडे कोण होतं?’ याचं उत्तर आयर्नरावांच्या वाचनात आलेलं नाही.

स्वतः या दोघांनी अर्धी आयर्नमॅन केली आहे, गोव्यातली. मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर, मग ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर धाव. गोव्याला जाऊन रात्री आठला दहीभात खाऊन झोपणारं जोडपं त्या हॉटेलवाल्याने पहिल्यांदाच पाहिलं असावं. त्याने दोनदा येऊन विचारलं, ‘सगळं ठीक आहे ना?’

पण ट्रायथलॉनमध्ये एक उणीव वहिनींना खटकत होती. तिथे ज्याचा तो. वहिनी पुढे, आयर्नराव मागे, भेट थेट मेडल घेताना. मग त्यांनी २०१९ मध्ये फिजीत झालेल्या इको-चॅलेंजचा कार्यक्रम पाहिला. डेहराडूनच्या ताशी आणि नुंग्शी मलिक या जुळ्या बहिणींचा भारतीय संघ त्यात होता. तिथे त्यांना अ‍ॅडव्हेंचर रेसिंगचा नियम कळला. संघात स्त्री-पुरुष दोन्ही हवेत, हातात नकाशा आणि होकायंत्र, जीपीएस बंद, आणि सगळ्यांनी एकमेकांपासून शंभर मीटरच्या आत राहायचं. पुढचा कितीही ताजातवाना असो, मागच्यासाठी थांबायचंच. वहिनींनी कार्यक्रम तिथेच थांबवला आणि नियम नवऱ्याला पुन्हा एकदा मोठ्याने वाचायला लावला. लग्नात सप्तपदी झाली तेव्हा गुरुजींनी अंतराचा आकडा सांगितला नव्हता.

इतक्या लांब कुठे जायचं? पुण्याजवळच्या डोंगरांत एंड्युरो-३ नावाची स्पर्धा होते. सायकल, डोंगरवाटा, पाणी, सगळं आहे. फक्त संघ तिघांचा लागतो. आयर्नरावांचा इंजिनिअरिंगचा भाचा पोहण्यात पटाईत होता आणि मामाला नाही म्हणण्याइतका मोठा झालेला नव्हता. त्याला घेतला.

नकाशा आयर्नरावांकडे होता. हा माणूस शहागंजच्या बोळांत अर्धा तास फिरेल, पण रस्ता विचारणार नाही. एका फाट्यावर ते म्हणाले उजवीकडे. बांधावर एक बाई गवत कापत होत्या. वहिनींनी विचारलं, ‘मावशी, धरणाकडे कुठून जायचं?’ मावशींनी मान वर न करता विळ्यानेच डावीकडे दाखवलं. ‘त्या काय होकायंत्र आहेत?’ आयर्नराव म्हणाले आणि उजवीकडे वळले. संघ एकत्र राहिला पाहिजे, म्हणून दोघं त्यांच्यामागे गेले. अर्ध्या तासाने तिघंही त्याच फाट्यावर परत आले. मावशी आता पुढच्या बांधावर सरकल्या होत्या. कुणी काही विचारायच्या आत त्यांनी विळा पुन्हा डावीकडे केला.

नंतरचे दोन तास वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत, पण शंभर मीटरही सोडले नाहीत. भाचा सांगतो, मामी रागाने पुढे जायच्या, मागे बघायच्या, थांबायच्या, मामा जवळ आला की पुन्हा रागाने पुढे. भाच्याच्या घरी तेव्हापासून लग्नाची बोलणी थांबली आहेत. मुलगा म्हणतो, आधी फिटनेस वाढवतो.

सोसायटीत सगळे विचारतात, एवढे पैसे, एवढा घाम, कशासाठी? मला विचाराल तर कारण साधं आहे. आपल्याकडे नवरा-बायकोला घराबाहेर एकत्र पडायला लग्न, बारसं, दहावा, दवाखाना नाहीतर देवदर्शन यांतलं काहीतरी लागतं. तिथे पोचल्यावर तो पुरुषांच्या घोळक्यात आणि ती वाढपात. ‘आम्ही दोघं जरा डोंगरावर जाऊन येतो’ म्हणून बघा. ‘आणि पोरांची परीक्षा?’ असा सवाल येईल. तेच ‘ट्रेनिंग आहे’ म्हणा. सासू डबा भरून देते, पोरं मित्रांना सांगतात, सोसायटी टाळ्या वाजवते आणि कोच पैसे घेऊन वर रागावतो, ‘या आठवड्यात कमी वेळ दिलात.’ एकमेकांना वेळ दिला नाही म्हणून तिसऱ्याकडून बोलणी खायची सोय दुसऱ्या कुठल्या छंदात आहे?

दौलताबादचा घाट चढताना धाप लागते. धाप लागली की वाक्यं छोटी होतात आणि छोट्या वाक्यांत भांडता येत नाही. गृहकर्ज लवकर फेडायचं की नाही, थोरल्याला आर्ट्सला जाऊ द्यायचं का, हे घरात तीन वर्षं अडलेले विषय त्या चढावर चार-चार शब्दांत सुटले आहेत. उतरताना किल्ल्यापाशी पेरूची गाडी दिसली की दोघं थांबतात. एक पेरू, चार फोडी, तिखट-मीठ जास्त. पेरूवाला त्यांना ओळखतो. बिया दातांत अडकतात म्हणून आयर्नराव मधला गर वहिनींना देतात आणि कडेचा स्वतः खातात. कोचच्या वेळापत्रकात या थांब्याला जागा नाही, म्हणून तेवढ्यापुरतं घड्याळ बंद केलं जातं.

परवा संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला होतो. श्रावणात शनिवारी भद्रा मारुतीला जायचं घाटत होतं. शहरातून खुलताबादपर्यंत पंचवीसेक किलोमीटर, श्रावणातल्या शुक्रवारी रात्री लोकांची रीघ लागते. कुणी अनवाणी, कुणी कडेवर पोर घेऊन. नंबर नाही, मेडल नाही, कटऑफ नाही. आयर्नरावांना ते अंतर रात्रीच्या सरावाला सोयीचं वाटलं. त्यांनी मोबाईलवर दोन हेडलॅम्प निवडले होते, महागातले, आणि आईला समजावत होते, ‘रात्रीच्या रेसची तयारी वेगळी असते. अंधारात दोघांनी एकत्र राहणं सोपं नाही. शंभर मीटरच्या आत.’

‘आम्हीही जायचो,’ आजी म्हणाल्या. ‘तुझे बाबा आणि मी. गुलमंडीच्या वाड्यात अकरा माणसं, दोन खोल्या. दिवसभर एकमेकांशी बोललो तरी ते मीठ आण, पाणी दे एवढंच. भद्रा मारुतीला निघालो की सासूबाईच म्हणायच्या, जा बाई, पुण्य लागेल. छावणी ओलांडेपर्यंत ते दहा पावलं पुढे, मी मागे.’

‘आणि पुढे?’ वहिनींनी विचारलं.

‘पुढे काय? घरचे घरी. मारुती तिथला आडवा, झोपलेला. तो काही बघत नाही. मारुती ब्रह्मचारी खरा, पण आमचा संसार झाला तो त्याच्यामुळे.’

आयर्नराव एकदम मोबाईलमध्ये बघू लागले. विषय बदलायचा म्हणून म्हणाले, ‘तेव्हा हेडलॅम्प कुठे होते म्हणा. अंधारात त्रास होत असेल.’

‘अरे, बॅटरी होती की. चांगली तीन सेलची. पडेगावच्या पुढे आम्ही ती लावायचो नाही.’

आजींनी बशीतला चहा संपवला. वहिनींनी नवऱ्याच्या हातातून मोबाईल घेतला आणि ऑर्डरमधला एक हेडलॅम्प काढून टाकला. थोडा विचार करून दुसराही काढला.