कमरेचं सोडलं नाही, कमरेला लावलं!

शिव शिव शिव! काय दिवस आलेत! तिकडे अमेरिकेत म्हणे चांगली पोक्त, केस पिकलेली, नातवंडांना शाळेतून आणणारी माणसं सकाळी उठल्या उठल्या एकाच विवंचनेत असतात: आज कुठली लावू? टाय नव्हे हो, रिव्हॉल्व्हर! तीसुद्धा सणासुदीला नाही, रोज. कचऱ्याचा डबा फाटकाशी ठेवायला जाताना, कोपऱ्यावरून दूध आणताना, कुत्र्याला फिरवताना. पँट, पट्टा, पट्ट्याला रिव्हॉल्व्हर, वरून सैलसर शर्ट, की निघाले श्रीमंत.

बरं, हौसेला मोल नसतं, मान्य. पण हौस निदान नव्या वस्तूची तरी असावी! ग्लॉक कंपनीचं प्लास्टिकच्या अंगाचं पिस्तूल 1982 मध्ये आलं, सतरा गोळ्या पोटात घेणारं. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत अमेरिकेतल्या पोलिसांनी रिव्हॉल्व्हर भराभर खाली ठेवल्या. न्यूयॉर्कच्या पोलीस खात्याने 1993 मध्ये पिस्तुलाला परवानगी दिली आणि उरलेसुरले जुने जाणते 2018 पर्यंत रिव्हॉल्व्हर घेऊन फिरत होते, त्यांनाही शेवटी ती सोडायला लावली. म्हणजे पोलिसांनी जी टाकली, ती या मंडळींनी उचलून कमरेला लावली. गोळ्या किती? पाच! मोजून पाच! सहा असल्या तर जरा मिरवायचं.

आणि यांना कोणी अडवत कसं नाही, असं विचाराल तर ऐका. तिथल्या 50 पैकी 29 राज्यांत आता लपवून शस्त्र वागवायला परवानाच लागत नाही. टेक्ससमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून तीच मोकळीक. ज्या दुकानदाराला हे चालत नसेल त्याने दारावर पाटी लावायची, तीही कशी? कायद्यात लिहून ठेवलंय: अक्षरं किमान एक इंच उंच, मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत. परवाना काढलेल्यांना अडवणाऱ्या पाटीच्या कलमाचा आकडा 30.06. योगायोग बघा, 1906 सालच्या एका फार गाजलेल्या रायफलच्या काडतुसाचं नावही थर्टी-ऑट-सिक्सच. बंदुकीला मनाई करणाऱ्या कलमालासुद्धा काडतुसाचा आकडा मिळावा, याला काय म्हणायचं!

आता खरी मजा निवडीची. माझा भाचा तिकडे डॅलसच्या बाजूला असतो. इंजिनिअर आहे, म्हणजे एक्सेल शीट आलीच. पहिला रकाना वजनाचा. स्मिथ अँड वेसनची 642, ॲल्युमिनियमच्या अंगाची, 400 ग्रॅमच्या आसपास. रुगरची एलसीआर, 2009 ची, अर्धी प्लास्टिकची, तिच्याहून थोडी हलकी. आणि स्कँडियम मिसळलेली 340पीडी, 340 ग्रॅमच्याही आत! एवढ्याशा वस्तूत .357 मॅग्नमचं काडतूस. वागवायला फूल, झाडायला गाढवाची लाथ. हे सगळे चार गोळ्या झाडतात, हात झटकत घरी येतात आणि म्हणतात, ‘बेस्ट आहे, अंगावर आहे असं वाटतच नाही.’ झाडताना वाटलं ना? मग झालं तर! त्या 340पीडीच्या नळीवर कंपनीने स्वतः कोरून ठेवलंय की अमुक वजनाहून हलकी गोळी घालू नका. कारण तसल्या काडतुसाने टायटॅनियमचं चक्र लवकर झिजतं. शिवाय झटका असा बसतो की चक्रात उरलेल्या काडतुसांमधल्या गोळ्या जागच्या जागी पुढे सरकतात आणि चक्रच अडकतं. म्हणजे पाचातल्या दोन झाडल्या की उरलेल्या तिघी आतच फुरंगटून बसायच्या.

मग काही शहाणे म्हणतात, नको बाबा, जड घेऊ. पोलादी घेतली, अर्ध्या किलोच्या वर गेली, की पँट खाली. म्हणून जाड पट्टा. साधा नाही, दुपदरी चामड्याचा, नाहीतर आत पोलादी पट्टी शिवलेला. पट्टा जाड म्हणून पँटची लुपं मोठी, आत म्यान जायला हवं म्हणून कंबर दोन इंच ढिली, आणि ढिली म्हणून पुन्हा घसरते. एका रिव्हॉल्व्हरपायी अख्खं कपाट बदललेले लोक आहेत. बायकोने पर्सला मॅचिंग चपला घेतल्या की यांच्या कपाळाला आठ्या, आणि स्वतःच्या खणात बघावं तर म्यानं दहा: चामड्याची, कायडेक्स नावाच्या प्लास्टिकची, उजव्या हाताची, आणि एक चुकून घेतलेलं डाव्या हाताचं.

पण या सगळ्याला मागे टाकणारं प्रकरण आहे भोकाचं. जरा जवळ या, हळू सांगते.

स्मिथ अँड वेसन ही कंपनी तेव्हा टॉमकिन्स नावाच्या ब्रिटिश उद्योगसमूहाच्या हातात होती. या टॉमकिन्सचा पसारा असा की बंदुकांपासून पावापर्यंत काहीही विकायचे. मार्च 2000 मध्ये कंपनीने क्लिंटन सरकारशी करार केला. त्यात पुष्कळ कलमं होती, आणि एक असं की बंदुकीतच कुलूप बसवू. झालं! अमेरिकेतले बंदूकवाले खवळले. बहिष्कार पडला, दुकानदारांनी पाठ फिरवली, धंदा बसला. 1987 मध्ये सव्वाअकरा कोटी डॉलर मोजून घेतलेली कंपनी 2001 मध्ये दीड कोटी डॉलरला गेली, वर कर्जाचा बोजा. घेतली कोणी? सेफ-टी-हॅमर नावाच्या कंपनीने, म्हणजे बंदुकांना कुलपं करणाऱ्यांनीच! त्यांनी कुलपं बसवली. रिव्हॉल्व्हरच्या डाव्या अंगाला जोंधळ्याएवढं भोक, त्यात बारीकशी किल्ली घालून फिरवायची, बस्स. आणि त्या भोकाला चाहत्यांनी नाव ठेवलं ‘हिलरी होल’. करार नवऱ्याच्या सरकारने केला, सही कंपनीने केली, कुलूप तिसऱ्यानेच बसवलं, आणि नाव घातलं बाईच्या माथी. जगात कुठेही जा, हे एक सारखंच!

पुढे त्या भोकाचा इतका दुस्वास झाला की बिनभोकाची जुनी रिव्हॉल्व्हर दिसली की लोक जास्तीचे पैसे टाकतात. भोक बुजवायची बुचंसुद्धा बाजारात मिळतात. 2024 मध्ये कंपनीने एका घाऊक विक्रेत्याबरोबर बिनकुलपाच्या छोट्या रिव्हॉल्व्हर काढल्या, त्यातल्या काही .32 च्या काडतुसाच्या, सहा गोळ्यांच्या, झटका सौम्य. त्या दिवसांत भाच्याचा फोन आला की कुशल विचारायच्या आधी ‘मावशी, भोक गेलं!’ मला वाटलं दाताचं सांगतोय.

तर निवडीतला पुढचा वाद घोड्याचा. घोडा म्हणजे मागचा तो उभा खटका. आता घोडा बाहेर हवा की आत, यावरून यांच्यात दोन तट. बाहेर असला तर खिशातून, शर्टाच्या अस्तरातून उपसताना अडकतो. आत असला तर दिसत नाही, आणि दिसत नाही तर मिरवायचं काय? 1950 मध्ये स्मिथ अँड वेसनने पाच गोळ्यांची छोटी रिव्हॉल्व्हर काढली, ती कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये जमलेल्या पोलीसप्रमुखांपुढे ठेवली आणि नाव त्यांच्याकडूनच मतदानाने ठरवून घेतलं: चीफ्स स्पेशल. चीफ लोक आपल्या मालाला दुसरं काय नाव देणार म्हणा! दोन वर्षांनी कंपनीच्या शंभरीची म्हणून सेंटेनियल आली, घोडा पोटात लपवलेली, आणि मूठ आवळल्याशिवाय न चालणारी. तसल्या मुठीच्या रिव्हॉल्व्हरला त्याही आधीपासून लोक ‘लेमन स्क्वीझर’ म्हणत. कोल्टवाले मात्र यांना हसतात, कारण कोल्टची डिटेक्टिव्ह स्पेशल 1927 मध्ये आली तीच जवळपास त्याच आकारात सहा गोळ्या घेऊन. एका जास्तीच्या गोळीवर पाऊणशे वर्षं चाललेलं भांडण आहे हे, आपल्याकडे भाऊबंदकीलासुद्धा इतका दम नसतो.

लावायची कुठे, याचीही परिभाषा ऐका. कंबर म्हणजे घड्याळ. बेंबीशी बारा, उजव्या कुशीला तीन, पाठीच्या कण्याशी सहा. त्यामुळे दोघे भेटले की ‘तू कितीला?’ ‘मी साडेतीनला. तू?’ ‘मी चारला होतो, आता एकला आलोय.’ भाचेसुनेला आधी वाटायचं चहाला भेटायचं ठरतंय. एक वाजता, म्हणजे पोटाच्या पुढच्या अंगाला लावायची सध्या भारी फॅशन आहे. खाली बसलं की नळी नेमकी कुठे रोखलेली असते, ते मराठी घरात बोलायचं नसतं. पण ज्यांनी चार चांगल्या गोष्टी आयुष्यात जपल्या आहेत त्यांनी हा विचार करावा.

शिवाय ती दिसता कामा नये. शर्टावरून फुगवटा दिसला तर त्याला ‘प्रिंटिंग’ म्हणतात आणि ते मोठं लाजिरवाणं. म्हणून ढगळ शर्ट, फुलाफुलांचे शर्ट, भर उन्हाळ्यात खिसेवाली जाकिटं. त्या जाकिटाकडे बघून अख्ख्या गावाला कळतं आत काय आहे ते, कळत नाही एकट्या यांनाच. म्यानच नको असलेल्यांसाठी मुठीला आकडा येतो, तो पँटच्या काठाला अडकवायचा. आणि कळस म्हणजे युटाच्या नॉर्थ अमेरिकन आर्म्सची .22 ची बोटभर रिव्हॉल्व्हर, तिच्यासाठी पट्ट्याचं बक्कल मिळतं, आणि रिव्हॉल्व्हर त्या बक्कलातच बसते. लपवायची म्हणून घेतली आणि बेंबीवर बिल्ल्यासारखी लावली!

आणि मग फोटो. जुन्या लाकडी टेबलावर सगळा ऐवज मांडायचा: रिव्हॉल्व्हर, चाकू, बॅटरी, घड्याळ, पेन, एक नाणं, शेजारी घडी घातलेला रुमाल. मूठ शिसवीची, प्रकाश खिडकीतून तिरपा. माझे आजोबा धोतराच्या कनवटीला चंची खोचायचे, आणि त्यातला पितळी अडकित्ता चारचौघांत काढून जसे उलटसुलट करून दाखवायचे, अगदी तस्सं. फरक इतकाच की त्यांच्या अडकित्त्याने दिवसातून दहादा सुपारी तरी कातरली जायची.

बरं, पाच पुरल्या नाहीत तर? पुन्हा भरायला गोल भरणी मिळते, रबराची पट्टी मिळते, पण धांदलीत बोटं चालत नाहीत. त्यावर जुना तोडगा आहे, त्याला म्हणतात ‘न्यूयॉर्क रीलोड’: पहिली संपली की दुसरी रिव्हॉल्व्हर काढायची. म्हणजे दोन! सतरा गोळ्यांचं एक पिस्तूल जड होतं म्हणून पाच-पाचच्या दोन. या हिशेबाने घर चालवलं असतं तर आम्हाला माहेरी धाडलं असतं.

त्यांचीही बाजू आहे, नाही असं नाही. रिव्हॉल्व्हर साधी असते. कापडात अडकली, अंगाला भिडली तरी चालते, मॅगझिन सैल राहिलं म्हणून रुसत नाही. चाप लांब आणि घट्ट, पाच किलोंच्या आसपास जोर लागतो, त्यामुळे चुकून ओढला जायची भीती कमी. पण तोच चाप आणि ती दोन इंची नळी यामुळे नेम लागणंही तितकंच अवघड, हे कोणी चटकन सांगत नाही. सराव हवा, आणि सराव हाताला झोंबतो. ज्यांच्या घरात पोरंबाळं आहेत त्यांनी रात्री कमरेवरून उतरवलेली वस्तू कुठे ठेवायची, याचा एक्सेलमध्ये रकाना मला तरी दिसला नाही. भाच्याला विचारलं, तेव्हा कुठे तिजोरी आली. बोटाच्या ठशाची. तिचंही मॉडेल निवडायला पावसाळा गेला.

सर्वांत मोठा तमाशा विमानतळावर. 2023 मध्ये तिथल्या तपासणीत प्रवाशांच्या हातातल्या सामानात 6,737 बंदुका सापडल्या, शंभरातल्या नव्वदच्या वर भरलेल्या! अटलांटाचा पहिला नंबर. दंड हजारो डॉलरांचा, आणि कारण विचारलं की बहुतेकांचं ठरलेलं उत्तर: ‘विसरलो हो बॅगेत आहे ते.’ ज्या वस्तूचं वजन ग्रॅम-ग्रॅमने तोलून घेतलं, जिच्या मुठीचं लाकूड तीनदा बदललं, ती विसरलात? सासूबाईंची औषधाची गोळी विसरलात तर समजू शकते.

आपल्याकडे हे थेर नाहीत असं म्हणून कॉलर ताठ करू नका. 2014 मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ काढली, खास बायकांसाठी, .32 ची, अर्ध्या किलोची. किंमत 1,22,360 रुपये, आणि देताना दागिन्याच्या मरून डबीत! तेवढ्या पैशात खरा दागिना आला असता. पण इथे परवाना मिळवता मिळवता अर्धं आयुष्य जातं, 2019 च्या दुरुस्तीने तीनाची मर्यादा दोनावर आली, आणि निवडणूक जाहीर झाली की पुष्कळांना ती ठाण्यात जमा करावी लागते. हौसेला आपलं सरकार वेळच्या वेळी भिजत घालतं, म्हणून निभावलंय.

तर गेल्या वर्षी भाच्याकडच्या मंडळाच्या गणपतीत त्याला पूजेला बसायचं होतं. सोवळं नेसायचं, म्हणजे पट्टा नाही. पट्टा नाही तर साडेतीनला लावायची कशाला? पठ्ठ्याने पोटावर गुंडाळायचा इलॅस्टिकचा रुंद पट्टा मागवला, आत म्यानासारखा खिसा असलेला. आणि मग कळलं की उत्सवाचा हॉल शाळेचा आहे, आणि शाळेत टेक्ससमध्येसुद्धा चालत नाही. पूजा बिनहत्यारी झाली, बाप्पाने काही मनाला लावून घेतलं नाही. पट्टा परत पाठवायची मुदत तेवढ्यात उलटली. त्याच सुमारास माझी बहीण तिकडे गेली, तिची कंबर धरली होती. तिने तोच पट्टा बांधला आणि अख्खा नायगारा फिरून आली. फोनवर सांगत होती, ‘काय आधार आहे गं! शिवाय खिसा इतका सोयीचा, अमृतांजनची बाटली बरोब्बर बसते.’